जपून ठेवलेला दाखला

"पोरीचे कागद सांभाळा हं. एकदा भिजले की रडून उपयोग नाही."

बायको गेली, पण हे वाक्य झेरॉक्सवाल्याच्या कानात राहून गेलं. बाबा एकटे पडले म्हणून मुलगी लांबचं विद्यापीठ सोडून इथे तिसऱ्या वर्षाला यायला निघाली, तेव्हा तिथून मिळालेला मूळ दाखला त्याने आधी डोळ्यांना लावला आणि मग दुकानातल्या लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला. दोन्हीकडून जाड प्लास्टिक, कोपरे गोल. असं सुरेख काम त्याच्याही हातून क्वचितच होई.

"हे काय?" इथल्या विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट करत विचारलं.

"मूळ दाखला. अगदी मूळ!"

"दुसरीकडून येणाऱ्यांच्या दाखल्यामागे आम्हाला शिक्का मारावा लागतो." बाईंनी मारून दाखवला आणि बोट फिरवलं. सगळी शाई बोटावर आली. "बघा, बसतच नाही."

"प्लास्टिक उत्तम आहे ना!" तो अभिमानाने बोलून गेला. मुलीने मागून त्याचा शर्ट ओढला.

"उद्या संध्याकाळी खिडकी बंद. नाहीतर शेजारच्या रांगेत जा, नवीन विद्यार्थ्यांच्या. तिथे हा दाखला लागत नाही."

"म्हणजे पुन्हा पहिल्या वर्षाला?" मुलीने विचारलं.

"हो. झालेली दोन वर्षं विसरायची."

घराखालच्या दुकानात परतल्यावर त्याने जुन्या विद्यापीठात फोन लावला.

"दुसरी प्रत मिळते की," तिकडचा कारकून म्हणाला. "दाखला हरवलाय?"

"नाही हो, समोरच आहे."

"मग खराब झालाय?"

"छे, छे! जन्मात होणार नाही."

"मग काका, अडचण काय आहे?"

"तो... फारच चांगला आहे."

मग सगळी हकीकत ऐकून कारकून म्हणाला, "हरवलेल्याला नियम आहे. खराब झालेल्याला आहे. जपलेल्याला नाही. ते प्लास्टिक काढून बघा ना."

प्लास्टिक निघेना. नखाने निघेना, सुरीने निघेना. गरम पाण्यात बुडवलं, तर दाखला न्हाऊन आणखी उजळ निघाला. धांदलीत चहाचा कप त्यावर लवंडला. मुलीने फडकं फिरवलं. डाग नाही की वास नाही.

"बाबा, घर पडलं तरी याला काही व्हायचं नाही."

"इस्त्री!" त्याला एकदम सुचलं.

त्याने पांढरा टॉवेल पसरला, त्यावर दाखला पालथा घातला आणि इस्त्री दाबली. प्लास्टिक सुटलं खरं, पण कागदापासून सुटलं आणि टॉवेलला चिकटलं. जाताना सगळी अक्षरं सोबत घेऊन गेलं. त्याच्या हातात कोराकरकरीत कागद उरला. टॉवेलवर मुलीचं नाव, विषय, कुलसचिवांची सही, सगळं स्पष्ट होतं. फक्त उलटं.

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं, ते दोघांनाही कळलं नाही. "मी तिकडेच परत जाते, बाबा. तुम्ही राहाल ना एकटे?"

त्याने पुन्हा फोन उचलला.

"आता खराब झाला," तो पडेल आवाजात म्हणाला.

"वाचता येतो का? नाव आणि नंबर जुळवल्याशिवाय प्रत देता येत नाही."

"येतो. पण टॉवेलवर आहे. आणि उलटा. आरशात सुलटा दिसतो."

तिकडून कुजबूज ऐकू आली. कारकून कुणाला तरी विचारत असावा. मागे कुणीतरी मोठ्याने हसलं.

"साहेब म्हणतात, टॉवेल घेऊन या. उद्या कचेरी उघडताच. आणि काका, आमच्याकडे आरसा नाही."

पहाटे मुलगी दुकानाच्या दारापर्यंत आली. "मी पण येते."

"नको. तू खिडकीपाशी रांगेत उभी राहा. बंद व्हायच्या आत मी येतो."

"नक्की?"

"शब्द दिला. आणि त्या दुसऱ्या रांगेकडे बघायचंसुद्धा नाही."

"बाबा, आरसा जपून न्या, फुटेल."

त्याची नजर सवयीने लॅमिनेशनच्या मशीनकडे गेली. मुलीने ती पाहिली. त्याने खांद्यावर टॉवेल टाकला, उघडाच आरसा काखेत धरला आणि तो बसच्या दिशेने चालू लागला.