साडेनऊ तासांचे भावी पंतप्रधान

"या देशाच्या इतिहासाला आज वळण लागणार आहे," न्हाणीघरातल्या आरशाकडे बघत भाऊसाहेबांनी जाहीर केलं.

"लागू दे," बाहेरून बायको म्हणाली. "पण त्याआधी त्या नळाला वॉशर लावा. दोन दिवस टपटप चाललीय."

भाऊसाहेबांनी हनुवटीवरचा साबण पुसला. इतिहास घडवणाऱ्या माणसाला घरातला पाना कुठे ठेवलाय हे ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. निवडणूक होऊन अकरा दिवस उलटले तरी सरकार बसत नव्हतं. भाऊसाहेबांच्या पक्षाचे चौऱ्याण्णव खासदार निवडून आले होते, पण बहुमतासाठी तीन छोट्या पक्षांचा टेकू हवा होता. आणि त्या तिघांचं एकच म्हणणं : पंतप्रधान तुमचा, पण आम्हाला चालेल असा. शेवटी पक्षाच्या सरचिटणिसांनी तिघांकडून बंद पाकिटं मागवली. ज्यांच्या हाताखाली काम करणार नाही, त्यांची नावं लिहून द्या म्हणाले. तिन्ही पाकिटांत पहिलं नाव पक्षाच्या अध्यक्षांचं होतं. एकाने तर त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मग सरचिटणिसांनी लाल पेन्सिल घेतली आणि चौऱ्याण्णव नावांच्या यादीत काट मारत सुटले. सकाळी साडेसात वाजता एकच नाव उरलं. ते कुणाचं हे समजायला त्यांना भिंतीवरचा ग्रुप फोटो काढून खिडकीपाशी न्यावा लागला.

मग त्यांनी फोन केला.

"भाऊसाहेब, सकाळपासून कुणाशी काही बोललात?"

"बायकोशी."

"काय बोललात?"

"नळाबद्दल."

"उत्तम. तेवढ्यावर थांबा. संध्याकाळी पाचला घोषणा आहे. तोवर तोंड उघडायचं नाही. तुम्ही पंतप्रधान होताय."

"तिन्ही पक्षांत मला एकही शत्रू नाही," नाश्त्याच्या टेबलावर भाऊसाहेबांनी बायकोला समजावलं. "याला चारित्र्य म्हणतात."

बायकोने चहा गाळला. बत्तीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं. उत्तर आलं तरी रीत तपासायची तिची सवय गेली नव्हती. "शत्रू नाही हे ठीक. पण ओळखतं का कुणी?"

हा प्रश्न भाऊसाहेबांना लागला, कारण त्यांना सगळा देश ओळखत होता. निदान चेहऱ्याने. गेली अठरा वर्षं सभागृहात ते पक्षाध्यक्षांच्या बरोबर मागच्या जागेवर बसत. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले की टीव्हीच्या चौकटीत दोन माणसं दिसत : पुढे बोलणारे अध्यक्ष आणि मागे मान हलवणारे भाऊसाहेब. पक्षाने त्यांची नेमणूक त्यासाठीच केली होती. अठरा वर्षांत त्यांनी सभागृहात एक शब्द उच्चारला नव्हता, पण मान अशी कमावली होती की पाहत राहावं. तिचे तीन प्रकार होते. आकडेवारीला बारीक मान. विरोधकांवर टीका असली की मध्यम, डोळे किंचित मिटून. आणि अध्यक्षांनी जनतेला एखादं वचन दिलं की भरघोस मान, हनुवटी टायला टेकेपर्यंत. पाठीमागे सगळे त्यांना होयबा म्हणत. भाऊसाहेबांना ते माहीत होतं. कुणी तसं म्हटल्याचं कानावर आलं की त्यांची मान हलत असे.

या नोकरीत एकच त्रास होता. त्या जागेच्या गादीतली एक स्प्रिंग वर आली होती आणि ती भाऊसाहेबांना डाव्या बाजूने सतत आपली आठवण करून देई. इमारत विभागाकडे त्यांनी सात अर्ज केले होते. सातही विचाराधीन होते.

"पंतप्रधान झालात तर ती स्प्रिंग तेवढी बसवून घ्या," बायको म्हणाली.

"अगं, पंतप्रधान पुढच्या रांगेत बसतो."

"मग मागे बसेल त्याच्यासाठी."

पक्ष कार्यालयात सरचिटणिसांनी त्यांना मागच्या जिन्याने वर नेलं आणि स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. आजूबाजूला प्रचारातून उरलेल्या पोस्टरांचे गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यावरून अध्यक्ष हात उंचावून हसत होते.

"कुणी आलं तर ऐकून घ्या. बोलू नका," सरचिटणीस म्हणाले. हा माणूस इतका बारीक होता की दार पूर्ण न उघडता बाहेर जाई.

भाऊसाहेबांनी खिशातून घड्या पडलेले कागद काढले. ते त्यांचं पहिलं भाषण होतं. अठरा वर्षांपूर्वी लिहायला घेतलेलं, आता सत्तेचाळीस पानांवर आलेलं. राष्ट्राला उद्देशून करायचं तर सुरुवात बदलायला हवी होती. 'माझ्या देशबांधवांनो' म्हणावं की 'मित्रहो'? ते विचारात गढले.

अकराच्या सुमाराला शेतकरी पक्षाच्या बाई आल्या. त्यांना भावी पंतप्रधानांना जवळून बघायचं होतं. गठ्ठ्यावर बसून त्या पाटबंधाऱ्यांवर बोलल्या, बियाण्यांवर बोलल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तेव्हा अर्थखातं आमच्याकडे असावं, असं आम्हाला वाटतं."

आता इथे भाऊसाहेबांची बाजू समजून घ्यायला हवी. समोरचं माणूस वाक्य संपवून थांबलं की त्यांची मान आपोआप हले. ती त्यांच्या हातात राहिली नव्हती. दाराशी आलेल्या विक्रेत्याकडून त्यांनी या मानेपायी एकाच दुपारी दोन व्हॅक्यूम क्लीनर घेतले होते. आणि बाई बोलत होत्या तेव्हा ते मनात 'देशबांधवांनो' खोडून 'मित्रहो' लिहीत होते. शब्द पटला. हनुवटी टायला टेकली.

"तुम्ही फार मोठे आहात," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या.

भाऊसाहेबांना वाटलं, इतकं सोपं असतं तर मग हे लोक अकरा दिवस करत काय होते?

साडेबाराला कामगार पक्षाचे मिशीवाले आले. त्यांनी टेबलावर मूठ आपटून तेच खातं मागितलं. भाऊसाहेब तेव्हा तिसऱ्या पानावर होते. तीनला पेन्शनर पक्षाचे आजोबा काठी टेकत आले. त्यांनी गुडघ्यांपासून सुरुवात केली आणि अर्थखात्यावर आणून सोडलं. भाऊसाहेब नवव्या पानावर होते.

"पंतप्रधान असावा तर असा," जाता जाता आजोबा सरचिटणिसांना म्हणाले. "पूर्ण ऐकून घेतो."

सरचिटणीस फक्त हसले.

पाच वाजता लांबलचक टेबलाभोवती सगळे जमले. खाली फाटकाशी कॅमेरे लागले होते. भाऊसाहेबांना मधली खुर्ची दिली होती. मऊ, सपाट, बिनस्प्रिंगची. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते दोन्ही बाजूंनी नीट बसले. आता पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, आणि मग खिशातली सत्तेचाळीस पानं देश ऐकणार होता.

"घोषणेआधी एकच मुद्दा," सरचिटणीस म्हणाले. "अर्थखातं."

"ते ठरलंय," बाई म्हणाल्या.

"ठरलंय की," मिशीवाले म्हणाले.

"केव्हाच," आजोबा म्हणाले.

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भाऊसाहेब," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही खातं आम्हाला दिलंत ना?"

भाऊसाहेबांची मान हलली.

"आणि आम्हाला?" मिशीवाल्यांनी विचारलं.

मान हलली.

"मला वाटतं मीही तिथे होतो," आजोबा म्हणाले.

भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी मान धरली. ती हातांसकट हलली.

"अहो, हा काय खेळ आहे?" मिशीवाले उठून उभे राहिले. "आम्ही तासभर बोलत होतो. तुम्ही ऐकत होतात ना?"

आता बोलणं भाग होतं. भाऊसाहेब उभे राहिले. घसा साफ केला. अठरा वर्षांचं मौन सुटायची वेळ आली होती आणि सत्तेचाळीस पानांतलं एक वाक्य ऐनवेळी आठवेल तर शपथ. जे आठवलं ते खरं होतं, तेवढंच.

"नाही," ते म्हणाले. "मी फक्त मान हलवत होतो."

पुढची दहा मिनिटं तिघे एकाच वेळी बोलत होते, आणि नवल म्हणजे तिघे एकच बोलत होते. अकरा दिवसांत ज्यांचं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं भाऊसाहेबांवर झालं. अर्थखातं आपल्याला नाही मिळालं तरी चालेल, पण या माणसाच्या हातून ते शेजाऱ्याला जाता कामा नये.

"याच्यापेक्षा तुमचा तो अध्यक्ष परवडला!" आजोबांनी काठी आपटली.

"खरंच परवडला," मिशीवाले म्हणाले.

"निदान तो ऐकत नाही हे आधीपासून माहीत तरी आहे," बाई म्हणाल्या.

"हे लिहून देता?" सरचिटणिसांनी हळूच विचारलं आणि खिशातून कागद काढला. पंतप्रधान म्हणून अध्यक्षांना पाठिंबा, अर्थखातं अध्यक्षांकडेच, खाली तीन सह्यांच्या जागा. रागाच्या भरात तिघांनी सह्या ठोकल्या. तो कागद टाइप केलेला होता, आणि टाइप करायला मधे कुणी उठलं नव्हतं, हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ते जिन्यावर होते.

जिन्यावर अध्यक्ष भेटले. ते खाली कॅमेऱ्यांसमोर जायला केस विंचरून निघाले होते. त्यांनी भाऊसाहेबांना मिठीत घेतलं.

"तुमच्यामुळे सरकार बसलं. काय हवं ते मागा. संकोच करू नका."

भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढून एक राजदूतपद गेलं, एक राज्यमंत्रिपद गेलं, एक लाल दिव्याची गाडीही हळू होऊन गेली. ते तोंड उघडणार इतक्यात डाव्या बाजूला जुनी कळ आली.

"उद्यापासून मी परत तुमच्या मागेच ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! तुमच्याशिवाय बोलायची सवय आहे का मला?"

"मग त्या जागेची स्प्रिंग वर आलीय. तेवढी बसवून मिळाली तर..."

अध्यक्षांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

भाऊसाहेबांनी ती मान नीट पाहिली. या विषयात देशात त्यांच्याइतकं जाणणारं कुणी नव्हतं. बारीक होती. आकडेवारीची.

ते घरी पोचले तेव्हा टपटप थांबली होती. पाना टेबलावर होता आणि बायको टीव्हीसमोर बसून भाजी निवडत होती. पडद्यावर अध्यक्ष हात उंचावून हसत होते. मागे कुणीच नव्हतं, त्यामुळे ते जरा खोटं बोलल्यासारखे दिसत होते.

"लागलं का वळण?" तिने विचारलं.

भाऊसाहेबांनी मान हलवली. मग बूट काढले आणि खिशातली सत्तेचाळीस पानं जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवली.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या पाठीमागची ती उशी... उद्यापासून मी कामावर नेली तर चालेल?"