मुकुंदवाडीच्या सेंद्रिय दाण्याची मोहीम

शहर छत्रपती संभाजीनगर, मौजे मुकुंदवाडी, येथे चार कोंबड्यांच्या दाण्यावरून जे घोर युद्ध माजले, त्याची हकिकत यथास्थित लिहिली असे. अतिशयोक्ती केली नाही. जेथे केली, तेथे प्रसंगच अपुरा पडला म्हणोन.

राजेश्री राजेंद्रसाहेब, कॉलेजातील अर्थशास्त्राचे मातबर प्राध्यापक, यांनी परसात चार गावरान कोंबड्या बाळगिल्या होत्या. त्या सिल्लोडचा मका खात आणि सुखे अंडी देत, आणि मुलखात अमन होता. मग साहेबांनी मोबाइलावर एक व्हिडिओ अवलोकिला, आणि सेंद्रिय खाद्याविना अंडे म्हणजे निव्वळ विष, ऐसा निश्चय करोन कुरिअराने रसद मागविली. थैली ऐसी देखणी, की लग्नाच्या आहेरात शोभावी.

साहेबांच्या मातोश्री केसरबाई, माहेर बिडकीन, जबान तलवारीची. थैली पाहताच गर्जल्या, "घरात रेशनचा तांदूळ, अन् कोंबडीला सेंद्रिय व्हय रं? आधी मला घाल ते!"

तेव्हा साहेबांनी फर्मान काढिले की, परसात मधोमध जाळी ठोकावी, आणि दोन कोंबड्या सेंद्रियाचे तर्फेस, दोन मक्याचे तर्फेस ठेवाव्या, आणि रविवारी अंडी चाखोन निवाडा करावा. मातोश्रींनी कबूल करोन पुरवणी जोडिली की, जी तर्फ हरेल, तिच्या कोंबड्यांचा तेच दिवशी रस्सा व्हावा. साहेबही इरेस पेटले होते, मान्य म्हणाले.

जाळी ठोकिली. कोंबड्या एका खुराड्यात वाढलेल्या. ताटातूट होताच चौघी जाळीस चोच लावोन बसल्या, आणि ना सेंद्रिय टिपीत ना मका, आणि मग अंडे कैचे? ही खबर एकट्या सुलेखाबाईंस, म्हणजे साहेबांच्या कुटुंबास. कारण खुराडे झाडणे तेवढे त्यांच्या अखत्यारीत होते, आणि उभय सेनापती वादात मशगूल होते. रविवारी कोणी हरले तर दोन जीव जाणार.

रविवारी दरबार भरला. बाईंनी दोन अंडी उकडोन, सोलोन, दोन बशांत पुढे ठेविली. साहेबांनी आपले चाखोन डोळे मिटिले. "वा! काय सुगंध! रानाचा!" मातोश्रींनी ग्वाही दिली, "माझ्या मक्याचं लई दमदार हाय." मग दोन्ही गोटांत जयघोष जाहला, आणि मसाला वाटावा ऐसा हुकूम दोहोंकडून एकदमच सुटला.

सुलेखाबाई म्हणाल्या, "दोन्ही अंडी नाक्यावरच्या दुकानातली हायेत. जाळी लागल्यापासून एकीनंबी अंडं दिलं नाय. तुम्ही कुणी एकदा तरी खुराड्यात डोकावलं का?"

साहेबांच्या मिशीस बलक तैसाच. मातोश्री हळूच पुसत्या जाहल्या, "मग रस्सा?"

"ज्यांच्या जिभेला दुकानातलं अंडं वळखू येत नाय," बाई म्हणाल्या, "त्यांनी कोंबडीच्या जिवाचा निवाडा करू नाय."

आणि त्यांनी खाशा हातांनी जाळी उपटिली. चौघी एकत्र होताच धुळीत लोळल्या, आणि पोटभर दाणा टिपू लागल्या. सेंद्रिय माल वाया जाऊ नये म्हणोन मक्यात मिसळोन दिला. कोंबड्यांनी त्यातील मका तेवढा निवडिला, आणि बाकी चिमण्यांस पावला. पुढे अंडी पूर्ववत आली. दुसरी थैली मागविली नाही. साहेब म्हणतात प्रयोगाची पद्धत चुकली, मातोश्री म्हणतात आपण जिंकलो.

दप्तरी फत्ते मात्र सुलेखाबाईंच्या नावे रुजू असे. या मोहिमेत उभय सेनापतींची अब्रू खर्ची पडली. कोंबडी एकही पडली नाही.