मोघेकाकांचं नामंजूर

मोघेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करतात, मग नमस्कार. ते साताऱ्याच्या नगरपालिकेत बांधकाम परवानगी विभागात होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि उन्हाळ्यापुरते ते मुलीकडे, केतकीकडे, डब्लिनजवळच्या सिटीवेस्टला आले. केतकी माझी शेजारीण. भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायच्या खटपटीत होती.

तिने पाहिलेल्या प्रत्येक घरात काकांनी टकटक केली. "पोकळ! भिंत नाही ही, पुठ्ठा आहे. नामंजूर." एका घराचा जिना अरुंद निघाला, दुसऱ्याचं मागचं दार चुकीच्या बाजूला. एजंट हसून "ग्रँड, ग्रँड", म्हणजे इथलं 'छान, छान', म्हणत राहायचा. केतकीच्या कपाळावरची आठी वाढत गेली. पुढच्या शनिवारी एक घर पाहायचं होतं, आणि फोटोंवरूनच ते तिला मनापासून आवडलं होतं.

मधल्या रविवारी मी दोघांना डब्लिनबाहेरची एक जुनी हवेली दाखवायला नेलं. कोण्या इंग्रज जमीनदाराने बांधलेली. राखाडी दगड, मधोमध दार, दोन्ही अंगांना मोजून तेवढ्याच खिडक्या. काकांनी दालनात शिरताच टकटक केली. आवाजच आला नाही.

"अहो, बघा हवं तेवढं, पण ठोकू नका," गाइडबाई म्हणाल्या.

जेवणाच्या दालनात एकसारखी दोन दारं होती. काकांनी त्यातलं एक ओढून पाहिलं. हलेना.

"ते खोटं आहे," बाई म्हणाल्या. "मागे नुसती भिंत. खऱ्या दाराला जोडी हवी म्हणून बसवलंय."

काका खूश झाले. "शोभेसाठी दार! आमच्याकडे हा नकाशा आला असता तर साहेबांनी भिरकावला असता. मंजूर!"

जिन्यावरच्या छताला ओल आली होती. खाली चक्क बादली ठेवलेली. काका मान वर करून म्हणाले, "इतकी वर्षं उभं राहिल्यावर घाम येणारच बिचाऱ्याला."

केतकीचा संयम संपला. "बाबा, परवाच्या घरात एक टाइल हलली तर नामंजूर. इथे बादली ठेवलीये, तरी मंजूर?"

"हे घर तू घेणार नाहीस ना," काका म्हणाले.

गाइडबाई पुढच्या दालनात गेल्या, आम्ही बाहेर आलो. हिरवळीवरच्या बाकावर केतकी वडिलांशेजारी बसली.

"घर घेतलं म्हणजे मी साताऱ्याला येणारच नाही, असं थोडंच आहे?"

"तसं नाही गं." काका खिडक्यांकडे पाहत होते. "इकडे यायच्या आधी तुझी खोली रंगवून घेतली."

"मला बोलला नाहीत. कुठला रंग?"

"तुला विचारायचं होतं. धीर झाला नाही. पांढराच दिला. पांढऱ्यावर नंतर काहीही चढतं."

केतकीने त्यांच्या कोपरात हात घातला.

मग काकांनी घसा खाकरला. "शनिवारी किती वाजता जायचंय?"