सरोदेबाईंचा वाळूचा हौद

सरोदेबाईंच्या बालशाळेत पालकांचे हात बांधायची पद्धत होती.

नवा पालक पहिल्यांदा पाळीला आला की बाई त्याला अंगणाच्या कडेला उभं करत आणि म्हणत, "हात मागे." मग दोन तास तसंच उभं राहायचं. समोर मूल उलट्या चपला घालून धडपडत असो की मगातलं पाणी स्वतःच्याच बुटात ओतत असो, आपण जागचं हलायचं नाही. न राहवून कुणी पुढे सरकलंच, तर बाई लांबूनच ओरडत, "मूल कामात आहे!" कुलथे म्हणून एक पालक होते, द्वारका चौकाजवळ त्यांचं टाइल्सचं दुकान. त्यांना काही केल्या राहवेना. तिसऱ्या खेपेला बाईंनी एका आईची ओढणी मागून घेतली आणि त्यांच्या मनगटांना खरोखरच गाठ मारली. तासभर ते तसेच उभे. नाकावर माशी बसली तेव्हा त्यांचा मुलगाच येऊन ती हाकलून गेला.

"छान मदत केली त्याने," बाई म्हणाल्या. "फक्त तुम्हाला विचारलं नाही. ते तो घरी शिकला असणार."

शाळा आम्ही पालकांनीच मिळून चालवलेली. इंदिरानगरात एका बंगल्याचं अंगण, ओटा आणि दोन खोल्या. वीस-बावीस मुलं, एकट्या सरोदेबाई, आणि फळ्यावरच्या यादीप्रमाणे रोज पाळीने येणारे दोन पालक. अक्षरं, आकडे, पाठांतर यातलं काही नाही. माती, पाणी, लाकडी ठोकळे, दिंडोरीहून आणलेले द्राक्षांचे रिकामे क्रेट, आणि मधोमध वाळूचा हौद. आठवडाभर मुलं खेळत आणि शनिवारी बाई आमचा वर्ग घेत.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो. पहिल्याच शनिवारी मी विचारलं, "बाई, अभ्यासक्रम काय असतो?"

बाईंनी माझ्या हातात मातीचा गोळा ठेवला. "हा. करा काहीतरी."

तासाभरात मी बरा हत्ती केला. बाईंनी तो फिरवून फिरवून पाहिला. "कुणी मागितला होता का?"

"नाही."

"मग दाखवताय कशाला?"

बाईंचं वय साठीच्या आसपास. पायात पुरुषी सँडल, साडी वर खोचलेली, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. मुलांना त्या कधी जवळ घेत नसत. पापा नाही, 'माझं सोनं' नाही. मूल रडायला लागलं की त्याच्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसत आणि म्हणत, "मी इथे आहे." मुलाला वाटलं तर त्याने यावं. बहुतेक मुलं रडून झालं की बाईंना वळसा घालून खेळायला पळत. प्रगतिपुस्तक मुलांचं नसे, पालकांचं असे. माझ्यात लिहिलं होतं : 'घाई कमी. उपदेश पूर्वीइतकाच. हसण्याकडे लक्ष द्यावे.'

माझी रेवा तेव्हा चार वर्षांची होती. तिची मैत्रीण सना. दोघी सकाळभर हौदात बसून एकाच खड्ड्यात पाणी ओतत आणि ते जातं कुठे यावर भांडत. सनाची आई नसीम देवळाली कॅम्पात शिवणकाम करायची, फौजींच्या वर्द्यांना फिती लावून द्यायची. रोज बसने लेकीला घेऊन यायची. येताना बाहुल्यांसाठी पिशवीभर चिंध्या आणायची.

गणपतीच्या आधी गावात डेंग्यू फार झाला होता. सना शुक्रवारी शाळेत होती. रविवारी तिला दवाखान्यात नेलं, बुधवारी ती तिथेच गेली.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे पालक ओट्यावर जमलो. मुलांना काय सांगायचं हा प्रश्न होता. कुलथे म्हणाले, "ती मामाकडे मालेगावला गेली म्हणू. पोरं आठ दिवसांत विसरतात."

"आणि उद्या तुम्ही कामासाठी मालेगावला गेलात तर?" बाईंनी विचारलं. "तुमच्या मुलाने काय समजायचं?"

"मग देवाघरी गेली म्हणा," एक आई म्हणाली.

"मग त्यांनाही जायचं असतं. कुठली बस जाते, विचारतात. उद्या मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बदली मी पाळीला होतो. बाई मुलांच्या मधे बसल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सना मेली. तिला खूप ताप आला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण तिचं शरीर थांबलं. आता ती येणार नाही."

"उद्या?" कुलथ्यांच्या मुलाने विचारलं.

"उद्या पण नाही."

"दिवाळीला?"

"दिवाळीला पण नाही."

रेवाने विचारलं, "मग तिच्या वाटणीचं पाणी कोण ओतणार?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही गं." मग मुलं उठली आणि खेळायला गेली.

त्याच दिवसापासून हौदात तो खेळ सुरू झाला. चिंध्यांची बाहुली वाळूत पुरायची, उकरून काढायची, तिला ताप बघायचा, पुन्हा पुरायची. एक जण डॉक्टर, एक आई, बाकीचे रडणारे. रडून झालं की डॉक्टर म्हणायचा, "आता माझी पाळी मरायची." बाई बाजूला बसून बघत. थांबवत नसत.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा पाळीला होतो. हौदाकडे वळून पाहिलं तर रेवा आडवी पडली होती. डोळे मिटलेले. छातीपर्यंत वाळू. कुलथ्यांचा मुलगा मगाने आणखी वाळू आणत होता.

मी धावलो. मागून बाईंचा आवाज आला, "रेवाचे बाबा, हात मागे!"

"खड्ड्यात गेले हात!" मी ओरडलो. इतक्या लहान मुलांसमोर मी कधी असा ओरडलो नव्हतो. रेवाला खसकन ओढून बाहेर काढलं. ती किंचाळली, "बाबा, मी मेलेय ना!" आणि मग खरंच रडायला लागली. मी बाईंना म्हणालो, "तुमचं मूल नाही ना यात, म्हणून बघवतं तुम्हाला."

बाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

पाळीवरचे दुसरे पालक कुलथेच; त्यांनी त्या खेळाचा व्हिडिओ आधीच पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. दुपारपर्यंत दीडशे मेसेज. 'हे शिक्षण आहे की विकृती?' शनिवारच्या वर्गाऐवजी सभा बोलवायची ठरली. बाईंना काढावं असा ठराव मी मांडायचा, हेही ठरलं. शाळा पालकांची, ठेवायला बाई आमच्या आणि काढायलाही आमच्याच.

मधे गुरुवार होता. मी रजा टाकून रेवाबरोबर शाळेत गेलो होतो, पहारा करायला म्हणा ना. फळ्यावर गुरुवारच्या पाळीत अजून 'सनाची आई' लिहिलेलं होतं. मी डस्टर उचललं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "ते नाव मी पुसणार नाही. तिला वाटलं तर ती पुसेल."

साडेनऊला फाटक वाजलं. नसीम आली होती. हातात चिंध्यांची पिशवी. ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली, चेहरा वाळलेला.

"या, सनाची आई," बाई म्हणाल्या.

ते ऐकून नसीम तिथेच फाटकाला धरून क्षणभर उभी राहिली. आठ दिवसांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नसावी.

हौदात खेळ चालूच होता. मी घाईघाईने मुलांना दुसरीकडे न्यायला निघालो, पण उशीर झाला होता. रेवा नसीमसमोर जाऊन उभी राहिली. "तुझी सना मेली ना?"

"हां बेटा. मेली."

"आम्ही तिला पुरतोय. तू येतेस?"

नसीमने चपला काढल्या. हौदात उतरली आणि मांडी घालून बसली. खड्ड्यात उताणी ठेवलेली बाहुली तिने पाहिली.

"असं नाही," ती म्हणाली. "कुशीवर निजवायचं. उजव्या. तोंड असं." तिने बाहुलीला अलगद कुशीवर केलं, तोंड मावळतीकडे वळवलं. पिशवीतून पांढऱ्या कापडाचा तुकडा शोधून तिच्यावर घातला. "आता माती. तीन मुठी. सगळ्यांनी."

मुलं एकदम गंभीर झाली. एकेक जण तीन तीन मुठी टाकून बाजूला होत होता. कुलथ्यांच्या मुलाने चौथी टाकली, तर रेवाने त्याचा हात धरला. शेवटी नसीमने टाकली. मग वर न बघता म्हणाली, "मला नव्हतं नेलं तिकडे. बायका जात नाहीत आमच्यात. फाटकातूनच घेऊन गेले तिला."

ती रडली नाही. वाळू हाताने सारखी करत राहिली. रेवाने पाण्याचा मग भरून आणला आणि विचारलं, "पाणी घालू?"

"घाल," नसीम म्हणाली.

त्या दिवशी मुलांनी बाहुली उकरून काढली नाही.

शनिवारी सभा झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो आणि गुरुवारी जे पाहिलं तेवढं सांगितलं. नीट सांगताही आलं नाही. ठराव मी मांडला नाही, दुसऱ्या कुणीही मांडला नाही. कुलथे फोन काढून व्हिडिओ पुसत बसले. त्यांना तो सापडेना, मग त्यांच्या बायकोने पुसून दिला. बाई सबंध वेळ कोपऱ्यात बसून होत्या.

लोक गेले. मी सतरंज्या गुंडाळायला थांबलो. मंगळवारचं बोलणं मनात होतं.

"बाई, मी त्या दिवशी जे बोललो..."

"बरोबरच होतं," बाई म्हणाल्या. "माझं मूल नाहीच. लग्नच नाही झालं." मग ओट्याच्या पायरीवर बसल्या. "शेवटच्या शुक्रवारी सना माझ्याकडे आली होती. आपणहून. मांडीवर डोकं ठेवून झोपली. एवढ्या वर्षांत असं कुणी आलं नाही हो. मला इतकं बरं वाटलं, की मी तासभर हललेच नाही. पाय बधिर झाला तरी. अंग गरम लागत होतं तिचं. मला वाटलं, उन्हात खेळलीय." त्यांनी मांडीवरून हात फिरवला. "ताप होता तो. मला वाटलं, लळा लागला."

"नसीमला माहीत आहे?" मी विचारलं.

"परवा सांगितलं. तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं."

"मग?"

"म्हणाली, दवाखान्यात शेवटपर्यंत तिचा डोळा लागला नाही. तुमच्याकडे तासभर तरी झोपली ना, बाई." त्यांनी साडीवरची वाळू झटकली. "आणि मग मलाच विचारायला लागली, झोपेत ती काही बोलली का."

"बोलली होती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण मी सांगितलं, हो. अम्मी म्हणाली."

आम्हाला मुलांपुढे एवढीशी थापही मारू न देणाऱ्या बाई अंगणाकडे बघत बसल्या होत्या. मी उरलेल्या सतरंज्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसून राहिलो.