म्हशीच्या कानातला बिल्ला

आधीच सांगून ठेवतो, मी त्या फोटोत काहीही खोटं केलेलं नाही. जे होतं तेच जरा स्वच्छ केलं. लोक घराला रंग देतात तेव्हा कुणी पोलिसात जातं का?

मी ढोकीत कारकुनी करतो. घरी एक म्हैस आहे. सासऱ्यांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पांनी, लेकीला हौसेनं दिलेली. माझी बायको शिवकन्या तिचे लाड करते आणि ती मला लाथा घालते. (म्हैस. शिवकन्येला तेवढा वेळ नसतो.) गेल्या सोमवारी एकाच सकाळी तीन लाथा बसल्या आणि मी ठरवलं, म्हैस विकायची. "या घरात कर्ता मी आहे!" असं ठणकावून म्हणालोसुद्धा. शिवकन्या तेव्हा दळण आणायला गेली होती.

मालक सोबत दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. म्हणून मोबाईल गोठ्याच्या खांबाला टेकवला आणि म्हशीशेजारी उभं राहून फोटो काढला. बघून दचकलो. म्हैस बरी आली होती.

मग ॲप उघडलं. डोळ्यांखालचं काळं घालवलं, पोट आत घेतलं, डोक्यावर केस आणले. (बटण दिलंय म्हणजे दाबण्यासाठीच ना?) मग म्हशीकडे वळलो. अंगावरचा चिखल काढला, शिंगं चमकवली. तिच्या कानात गुरांच्या डॉक्टरांनी मारलेला पिवळा बिल्ला होता, नंबरचा. तो उगाच डोळ्यात खुपत होता. बोट फिरवलं, गेला. फोटो जनावरांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गहून बसवराज नावाचा माणूस टेम्पो घेऊन दारात हजर. त्यानं कास पाहिली, दात पाहिले, खूश झाला. मग मोबाईल काढला आणि त्याचा चेहरा बदलला.

"फोटूतल्या म्हशीला बिल्ला न्हाय. हिला हाय."

"तो मी पुसला."

"बिल्ला पुसला?" तो दोन पावलं मागं सरकला. "चोरीचं जनावर इकणारे पयलं त्येच करतेत."

"अहो, फोटोतला पुसला! मी मालक आहे. हा बघा, शेजारी मीच उभा आहे."

त्यानं मोबाईल माझ्या तोंडाशेजारी धरला. "ह्यो पोरगा तुमचा व्हय?"

"तो मीच आहे!"

"त्याला केसं हायत."

"माझेच आहेत ते."

"कुठं हायत?"

एव्हाना गल्ली गोळा झाली होती. कुणीतरी "पोलिसाला फोन लावा" म्हणालं. दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. मी छाती काढली. "शिवकन्या! बाहेर ये आणि सांग यांना, मी कोण आहे!"

शिवकन्या आली. तिनं टेम्पो पाहिला, म्हशीचं सोडलेलं दावं पाहिलं, मग मला पाहिलं. मी मान ताठ ठेवली.

"दादा, फोटूतला माणूस आमच्या घरात कधी आलेला न्हाय," ती बसवराजला म्हणाली.

"आन् ह्ये?"

"ह्ये आमचेच. पर म्हैस माझी हाय, माझ्या बापानं दिल्याली. ह्यांना इकायला कुणी सांगितलं?"

बसवराजनं तिला हात जोडले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. शिवकन्येनं म्हैस बांधली, तिच्या कपाळावरून हात फिरवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यो फोटू काढून टाका."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "जन्मात एक फोटो बरा आलाय. राहणार!"

तेवढ्यात परंड्याहून फोन आला. गिऱ्हाईकच होतं. शिवकन्येनं मोबाईल हिसकावून स्पीकरवर टाकला. "म्हैस द्यायची न्हाय. तिच्याशेजारी उभा हाय त्यो न्यायचा असंल तर या. पर फोटूवर जाऊ नगा, बघून न्या."

पलीकडचा माणूस व्यवहारी होता. "कामाला कसा हाय?"

"कामाचा न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "नुसतं खाणारं आमच्याकडं बी एक हाय."