धुडकू या नावाची चव

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाल मिरच्यांची देठं खुडणं. लोणखेड्याला, आमच्या ओट्यावर. मी शिंकत होतो. शिंकता शिंकता म्हणालो, बुधवारी दळायला नेऊ. झालं! मिरची राहिली बाजूला, माझी बायको इंदू नाक दाबून ओरडली, "त्या वारनं नाव काढू नका, राकेलना वास येस!"

तिचं हे असंच. जे कुणी चाटलं नाही त्याची चव हिला ठाऊक. 'तहसील' खरखरीत, 'सरपंच' तेलकट. डॉक्टर म्हणाला, शुगर आहे. ही म्हणाली, "कडू शब्द शे," आणि गोळी थुंकली. मग मी त्या गोळीला 'फुटाणा' म्हणायला लागलो. गुमान गिळायची.

पोरीला खांडबाऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर, शेती बागायत. ही म्हणे, "त्या गावनं नाव लिधं का तोंडमा वाळू येस. पोरगी देवानी नही!" पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. पुढं अक्कलकुव्याचं आलं, तर मुलगा बघायच्या आधीच हो. का? तर ते नाव भाजलेल्या शेंगदाण्यासारखं लागतं! जावई चांगला निघाला, त्यामुळे हिला आणखीच चेव.

आता माझं नाव धुडकू, म्हणजे चिंधी. आधीची दोन भावंडं गेली, मला नजर लागू नये म्हणून आईनं ठेवलेलं. इंदूनं ते कधी तोंडातून काढलं नाही; आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण रस्त्यावरून कुणी "ओ धुडकू!" अशी हाक दिली, की ती घोट गिळायची. मला वाटायचं, ओकारी आवरते. चाळीस वर्षं विचारायची छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी विचारलंच. "मन्हा नावले काय चव शे? गवरीनी?"

"काहीच नही. पानीनागत शे."

मी टोपली आपटली. "सरपंचले तेल, जवाईना गावले शेंगदाणा, अन् माले नुसतं पानी?"

"इतलं चिडू नका. तहान लागी तवय समजी," म्हणाली, आणि हसत मिरचीच्या हातानं माझा गाल ओढला. गाल जळत होता. जेवताना मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

सकाळी ती उठलीच नाही.

शेजारच्या बाया जमल्या. एक म्हणाली, "दादा, तोंडमा पानी टाका."

मी तांब्या घेतला. आधी तिच्या कानाशी वाकलो आणि रस्त्यावरून मारतात तशी हाक मारली, "ओ धुडकू!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी पाणी सोडलं.