पडद्यावरची कुस्ती आणि आमचे पांडूतात्या

आमच्या खोपटच्या चाळीतलं कोणीही पांडूतात्यांबरोबर सिनेमाला जायला तयार नसे. पडद्यावर कोणी कोणाच्या अंगावर धावून गेला, की तात्या खुर्चीतून ताडकन उठत आणि ओरडत, "असा नय जाला!" मागून "ए, खाली बस!" असा गलका होई. तात्या बसत. पुढच्या झटापटीला पुन्हा उठत.

मूळचे बाळकुमचे, मिठागरावर मुकादम, आणि सडेफटिंग. तरुणपणी कुस्त्यांचे फड गाजवलेले. त्यामुळे कुस्तीच्या बाबतीत ते देवाचीही भीड ठेवत नसत. एकदा देवळात कीर्तनकारबुवांनी भीमाला जरासंधावर धोबीपछाड घालायला लावली. तात्या उभे राहिले. "बुवा, पाय तिथं ठेवला तं धोबीपछार बसंल कशी?" बुवांनी निमूटपणे भीमाचा पाय मागे घेतला, तेव्हा कुठे आख्यान पुढे सरकलं.

सिनेमाच्या जाहिरातीवर 'सत्यकथा' असं छापलेलं दिसलं, की त्यांचं डोकं फिरे. "खोटा सांगायचा तं खोटा म्हनून सांगा ना! खरा बोलून खोटा कनाला सांगता?"

अशा माणसाच्या नशिबी ठाण्यात नेमका तो रंगीत बोलपट यावा! कल्याणच्या जत्रेत पूर्वी झालेल्या एका गाजलेल्या कुस्तीवरचा. ठाकुर्लीचा महादू, गरीब आईचा एकुलता एक, आणि समोर एक माजलेला पहिलवान. ती कुस्ती झाली तेव्हा तात्या तिथे होते, एवढं चाळीला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ते बघून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्यांनी सभा भरवली.

"महादूचा लंगोट काला व्हता, ह्यांनी तांबरा दिलाय. आनि आखार्‍यान म्हने काली माती! अरे, लाल माती लागते, ताक न् हलद घालून मललेली. आनि बायका? कुस्तीला बायका कवा व्हत्या रे?"

आम्ही हसून घेतलं. पुढे कल्याणहून माझे मामा आले, तेव्हा मी त्यांना हा किस्सा रंगवून सांगितला. मामा त्या कुस्तीला पंच होते. ते काही हसले नाहीत.

"लंगोटाचं सांगतो तो? आणि निकालाचं?"

"निकालाचं काय?"

"अरे, सिनेमात महादू जिंकतो. प्रत्यक्षात तो हरला. तुमच्या पांडूनेच त्याला ढाक लावून चीत केला. स्वच्छ कुस्ती. निकाल मीच दिला. हे सिनेमावाले माझ्याकडेही आलेले. म्हणाले, नायक हरला तर तिकिटं कोण काढणार?"

म्हणजे पडद्यावर नायकाच्या डोळ्यांत माती फेकणारा, ज्याला अख्खं थिएटर शिव्या घालतं, तो दुष्ट पहिलवान म्हणजे आमचे तात्या! लंगोटाच्या रंगासाठी आकाशपाताळ एक करणारा माणूस यावर मूग गिळून बसला होता. मामा पुढे म्हणाले, "महादूने घरी आईला जिंकलो म्हणून सांगितलं. त्याच पावसाळ्यात तापाने गेला. म्हातारीला खरं सांगायला कोण जाणार? गावानेही जीभ आवरली."

मला राहवेना. रविवारी दुपारच्या खेळाला तात्या निघाले, तसा मीही मागोमाग गेलो. थिएटरच्या दारात एक म्हातारी त्यांचा दंड धरून उभी होती. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली. ठाकुर्लीला जाऊन तात्यांनी तिला आणलं होतं. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो.

"आये, महादू उतरला बग. लंगोट ह्यांनी तांबरा दाखवलाय, तो काला व्हता."

"कालाच व्हता. मीच शिवलेला." म्हातारी खूश झाली. "तू माझ्या महादूचा दोस्त, म्हनून मना कलतं तरी."

मग ती कुस्ती आली. दुष्ट पहिलवानाने मूठभर माती उचलून महादूच्या डोळ्यांत फेकली. थिएटरात शिव्यांचा भडिमार झाला. तात्या खुर्चीतून अर्धे उठले. आता हा माणूस ओरडणार, म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

"काय जाला रे बाला?" म्हातारीने विचारलं.

तात्या खाली बसले. "माती टाकली डोल्यान."

"त्या मेल्यानी? खरंच टाकलेली का हे सिनेमावाले सांगतान?"

तात्यांनी तिचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "टाकलेली, आये. मी बगितलं ना. तरी आपला महादूच जिकला."

म्हातारीने पदराने डोळे पुसले. तात्यांची फजिती बघायला आलो होतो, आणि आता त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

खेळ सुटल्यावर स्टेशनला जायला त्यांनी टांगा थांबवला. म्हातारीला दोन्ही हातांनी अलगद उचलून आत बसवलं. तिचा राग अजून निवला नव्हता.

"तो मुडदा आजून जिता हाय का रे?"

तात्या तिच्या पायांवर पातळ नीट करत म्हणाले, "ठाव नय, आये. त्याला मंग कोनी इचारलाच नय."